धक्का आधी, गळ नंतर

कोकणातली मासेमारी म्हटली की बोलणं ट्रॉलर, पर्ससीन, डोल आणि रापण यांच्यावर येऊन थांबतं. त्यांच्यावर अहवाल निघतात, कायदे होतात, मोर्चे निघतात. पण बंदरात शिरलं की धक्क्याच्या अगदी टोकाला, बाटलीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, बोटावर घेऊन बसलेला एक माणूस हमखास दिसतो, आणि त्याची कुठल्याच अहवालात दखल नसते. कधी तो भाडं नसलेला रिक्षावाला असतो, कधी निवृत्त गुरुजी, कधी दप्तर खांबाला टेकवून बसलेली दोन पोरं. त्याच्या पकडीने बाजारातला भाव हलत नाही. नशीब असेल तर घरी एका वेळचं कालवण होतं, नसेल तर संध्याकाळ तरी बरी जाते. हे पुस्तक त्याच्यासाठी आहे, आणि ज्याला त्याच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटतं पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, त्याच्यासाठी आहे.

गळाने मासे धरण्यावर लिहिणं आपल्याकडे नवीन नाही. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ असं स्वतंत्र प्रकरण आहे. माशांचे प्रकार, कुठल्या माशाला कुठला चारा, दोरी कशाची, काठी कशी, असा सगळा तपशील त्यात येतो. मराठी अभ्यासकांना हा ग्रंथ जुन्या मराठी ओळींसाठी ठाऊक असतो. गळवाल्यांनी तो या प्रकरणासाठी ठाऊक करून घ्यायला हरकत नाही. पुढे 1873 साली एच. एस. थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याचं ‘द रॉड इन इंडिया’ मंगळुरात छापलं गेलं आणि साहेबांच्या दोन-तीन पिढ्यांनी ते वापरलं. पण सोमेश्वर राजा होता आणि थॉमससाहेबाचा जीव नदीतल्या महसीरमध्ये अडकलेला होता. सिमेंटच्या धक्क्यावर, पंधरा फूट खाली हेलकावणाऱ्या गढूळ पाण्यात, भंगारातून जमवलेल्या सामानाने मासा कसा धरावा हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आलाच नाही. मराठीत या प्रश्नावर लिहिलेलं काही माझ्या पाहण्यात नाही. माहिती आहे ती लोकांच्या हातात आहे, आणि विचारलं तर ती ते मोकळेपणाने देतात.

मालवणच्या जेटीवर एका वयस्क गाबीत काकांनी ती मला एका वाक्यात दिली होती. मी नव्या कोऱ्या रॉडने, अंगातला सगळा जोर लावून, गळ शक्य तितका लांब फेकत होतो. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “लांब कित्याक टाकतंस? मासो तुझ्या पायाखाली आसा.” या पुस्तकात पुढे जे काही आहे ते या वाक्याचा विस्तार आहे.

मासा पायाखाली का असतो, ते समजून घ्यायला धक्क्याची रचना बघावी लागते. खांबांवर उभी असलेली जेटी आणि दगडी भिंतीचा जुना धक्का या दोन वेगळ्या वस्तू आहेत. खांबांच्या जेटीखालून पाणी आरपार वाहतं. प्रत्येक खांबावर कालवं, शिंपले, शेवाळ यांचा थर चढलेला असतो, त्यात बारीक खेकडे आणि किडे राहतात, आणि ते खायला मासे येतात. शिवाय खांबाच्या मागच्या बाजूला प्रवाह मोडतो. तिथे माशाला फारशी ताकद न लावता उभं राहता येतं आणि वाहून येणारं खाणं आयतं तोंडापुढून जातं. तांबोशी, गोबरा, खडस असे मासे अशाच ठिकाणी दबा धरून असतात. दगडी धक्क्याला पाण्याची आरपार वाट नसते, तिथे सगळी गंमत कोपऱ्यावर घडते. प्रवाह कोपऱ्याशी वळतो, भोवरा तयार होतो, फेस आणि पालापाचोळा गोल फिरत राहतो. वरून फेस गोल फिरताना दिसला की खाली खाणंही गोल फिरत असणार, हे धरून चालावं. दोन्ही प्रकारांत साठ मीटर लांब फेकलेला गळ बहुतेक वेळा मासा ओलांडून पलीकडे, उघड्या चिखलावर जाऊन पडतो. तिथे गळाला लागतो तो शिंगाळा.

दुसरी गोष्ट पाण्याची. धक्क्यावरच्या माणसाला होडीवाल्यासारखं माशामागे जाता येत नाही, म्हणून मासा आपल्याकडे कधी येणार हे त्याला आधी कळलं पाहिजे. आता मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक मिळतं, पण किनाऱ्यावरचा जुना हिशोब अजूनही उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, तिथी एकपासून पंधरापर्यंतच मोजायची. पुढची भरती बारा तास पंचवीस मिनिटांनी, आणि ओहोटी दोघींच्या मधे. हा हिशोब मुंबई-रायगडच्या बाजूला चांगला जुळतो. भरतीची लाट दक्षिणेकडून वर सरकत येते, त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याला वेळ थोडी आधीची धरावी. मिनिटांचा हट्ट धरू नये, वाऱ्याने आणि पावसाने वेळ पुढेमागे होते.

वेळेपेक्षाही जास्त महत्त्वाचा आहे पाण्याचा चढउतार, आणि नेमकी हीच बाब बाहेरची पुस्तकं वाचून शिकलेल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या आसपास पाणी चार मीटर किंवा त्याहून जास्त चढतं-उतरतं. मालवण-गोव्याकडे तोच फरक दोन मीटरच्या आसपास असतो. याचा साधा अर्थ असा, की मांडव्याच्या किंवा रेवसच्या जेटीवर सकाळी जी दोरी पाण्याला सहज पुरत होती ती दुपारी अधांतरी लोंबकळते. उधाणाला प्रवाह इतका ओढतो की हलकं वजन तळाला टिकत नाही. भांगाच्या, म्हणजे कमी चढउताराच्या, दिवसांत तेच वजन चिखलात रुतून बसतं. मुंबईकडचं पाणी गढूळ, तिथे मासा डोळ्यापेक्षा वासावर जास्त चालतो, म्हणून आमिषाला दर्प हवा आणि तंगूस जाड असला तरी चालतो. मालवणकडे हिवाळ्यात पाणी नितळ असतं, तिथे जाड तंगूस माशाला लांबून दिसतो. म्हणजे एकच सामान घेऊन सगळा किनारा फिरणारा माणूस निम्म्या ठिकाणी हात हलवत परत येतो. दुकानातला रॉड वाईट असतो असं नाही, पण तो कुठल्या धक्क्यावर जाणार हे कारखान्याला माहीत नसतं. आपल्याला माहीत असतं. घरी केलेल्या सामानाचं खरं बळ एवढंच आहे; पैसे वाचतात ही वरकड गोष्ट झाली.

आता बाटलीकडे येतो. रॉडशिवाय गळ टाकायचा सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते नवशिक्यासाठी सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस. पण बाटली कुठलीही चालत नाही. कमरेशी बारीक आणि बुडाशी फुगीर असलेली शीतपेयाची बाटली टाळा. तंगूस सुटताना बुडाच्या फुगवट्याला अडखळतो आणि फेक मधेच तुटते. अंग सरळ, बुडाची कड गोलसर आणि प्लास्टिक जाड असलेली लिटरभराची बाटली निवडा. तंगुसाचं टोक गळ्याशी पक्कं बांधायचं आणि त्यावर एक फेरा चिकटपट्टीचा घ्यायचा. मग साठ-सत्तर मीटर तंगूस बुडाच्या बाजूला, अंगावर गुंडाळायचा. इथे एक बारकावा आहे आणि तो सांगितल्याशिवाय कळत नाही. गुंडाळताना बाटली हातात गरगर फिरवायची नाही. बाटली स्थिर धरायची आणि दुसऱ्या हाताने तंगूस तिच्याभोवती फिरवायचा. फेकताना तंगूस बुडावरून वेटोळ्यावेटोळ्याने सुटतो आणि प्रत्येक वेटोळ्यामागे एक पीळ पडतो. गुंडाळताना हात भोवती फिरवला की उलटा पीळ पडून हिशोब मिटतो. बाटली फिरवून गुंडाळली तर मिटत नाही, पीळ साचत जातो, आणि दहा-बारा फेकींनंतर तंगुसाचा असा गुंता होतो की कात्रीच हवी. लोक नायलॉनला शिव्या देतात. दोष गुंडाळण्याचा असतो.

फेकताना बाटलीचा गळा डाव्या हातात, बूड समुद्राकडे. वजनाच्या वर हातभर तंगूस उजव्या हातात धरून बाजूने झुलवायचा आणि सोडायचा. डोक्यावरून गरगर फिरवून फेकणं दिसायला झोकदार आहे, पण धक्क्यावर मागून माणसं जातात, त्यांच्या कानात गळ अडकतो. झाकण नेहमी घट्ट लावलेलं असू द्या: हातातून सुटून पाण्यात गेली तर बाटली तरंगते आणि पुढच्या माणसाच्या गळाने परत ओढता येते. आत चार खडे किंवा दोन नाणी टाकून ठेवली तर मासा ओढायला लागला की ती वाजतात. बरेच जण त्यासाठी तंगुसाला घुंगरू अडकवतात. घुंगरू चांगलंच, पण वाऱ्यालाही वाजतं.

नवा तंगूस रिळाचा आकार लक्षात ठेवतो आणि स्प्रिंगसारखा वळत राहतो. वापरण्याआधी त्याचं एक टोक माडाला बांधा, दुसरं धरून सावकाश ताणा आणि अर्धा मिनिट तसंच धरा. गाठ आवळण्याआधी तिला थुंकी लावा. घाण वाटेल, पण कोरडी गाठ आवळताना घासून तापते, नायलॉन तिथेच कमजोर होतं, आणि मोठा मासा लागला की बरोबर तिथेच तुटतं. गळाचे नंबर पहिल्यांदा गोंधळात टाकतात: एकपर्यंत आकडा जितका मोठा तितका गळ लहान, आणि त्यापुढे शून्याचे आकडे सुरू झाले की उलटं. बोय, मुडदुशीसाठी लहान गळ लागतो, तांबोशीसाठी चांगला जाड दांड्याचा. दुकानदाराला माशाचं नाव सांगा, नंबर तो देईल.

वजनाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: शिसं घरी वितळवू नका. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे घरच्या शेगडीवरही वितळतं, आणि म्हणूनच मोह होतो. त्याची वाफ आणि भुकटी विषारी असते, विशेषतः घरातल्या लहान मुलांना. साच्यात पाण्याचा एक थेंब राहिला तरी तापलेलं शिसं उसळून तोंडावर येतं. वजनं ओतायची कृती या पुस्तकात मुद्दाम दिलेली नाही. त्याऐवजी गॅरेजमध्ये जा आणि जुने स्पार्क प्लग मागा. ते फुकट मिळतात. प्लगच्या टोकाशी असलेल्या वाकड्या पत्रीत तंगुसाचा फासा अडकवून पक्कडीने पत्री दाबली की वजन तयार. आकार निमुळता असल्यामुळे खडकाच्या फटीतून तो गोल वजनापेक्षा सहज निघतो. आधी रॉकेलने पुसून तेल काढून टाका. जुने नटबोल्टही चालतात. आणि जिथे तळ खडकाळ आहे, जुन्या खांबांचे तुकडे पडलेले आहेत, तिथे वजन मुख्य तंगुसाला बांधूच नका. मुख्य तंगूस 0.50 मिलिमीटरचा असेल तर वजन 0.30 च्या वीतभर तुकड्याने लटकवा. अडकलं तर तेवढा तुकडा तुटतो, प्लग समुद्राला जातो, गळ आणि त्याला लागलेला मासा आपल्याकडे येतो. वजन खाली आणि गळ त्याच्या हात-दीड हात वर, आडव्या फांदीवर, अशी ही मांडणी जेटीसाठी उत्तम: आमिष चिखलात लपत नाही आणि चिंबोऱ्या ते लगेच कुरतडत नाहीत.

एवढं सगळं जमलं, मासा लागला, खेळवून धक्क्याखाली आणला, आणि आता? धक्क्यावरच्या गळवाल्याचं सगळ्यात मोठं नुकसान याच क्षणी होतं. पाण्यात मासा जवळजवळ वजनरहित असतो. पाण्याबाहेर काढला की त्याचं पूर्ण वजन तंगुसावर येतं, त्यात तो झटके देतो, आणि पंधरा फूट उचलेपर्यंत ओठ फाटतो किंवा गाठ सुटते. तीन किलोचा मासा पाच किलो पेलणाऱ्या तंगुसानेही उचलू नये. होडीवरची दांड्याची जाळी इथे पोचत नाही. इथे लागते दोरीने खाली सोडायची गोल जाळी, आणि ती सायकलच्या रिमची उत्तम होते.

लहान मुलांच्या सायकलची 20 इंची लोखंडी रिम भंगारवाल्याकडून घ्या. अॅल्युमिनियमची नको, हलकी रिम प्रवाहात तिरकी होते. सगळे स्पोक काढून टाकले की रिमला भोवताली भोकं उरतात, तीच जाळं शिवायला वापरायची. कोळीवाड्यात टाकून दिलेल्या जाळ्याचा तुकडा मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. तो पिशवीसारखा, दीड हात खोल लोंबेल असा शिवून घ्या. उथळ ठेवलात तर मासा उसळी मारून बाहेर पडतो. पिशवीच्या तळाशी एक नट बांधा, नाहीतर प्रवाहाने ती फुगून वर येते आणि रिमचं तोंड बंद करते. मग रिमच्या भोकांचे तीन सारखे भाग करून तीन दोऱ्या बांधा आणि रिमपासून निदान दोन-अडीच फूट उंचीवर त्या एकत्र करा. बहुतेक जण गाठ खाली घेतात, आणि मग मासा आत घेताना त्या तीन दोऱ्या आडव्या येतात. वरच्या गाठीला मुख्य दोर. त्याची लांबी घरी ठरवू नका. उधाणाच्या दिवशी, पूर्ण ओहोटीला धक्क्यावर जाऊन पाण्यापर्यंत दगड बांधून माप घ्या आणि त्यावर दोन वाव वाढवा.

वापरताना घाई करू नये. जाळी मासा वर येण्याआधीच पाण्यात, हातभर खोल, सोडून ठेवायची, आणि ती माशाच्या खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाह जिकडे जातोय तिकडे. मासा दमला की प्रवाहच त्याला जाळीवर आणून सोडतो. डोकं आत शिरलं की सरळ उचला. शेपटीकडून धरायला गेलात तर तो एका फटक्यात पुढे निघून जातो. एकट्याला हे जमायला वेळ लागतो, शेजारच्याला हाक मारावी. ओळख नसली तरी चालते. धक्क्यावर जाळी धरायला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. हीच जाळी तळाशी माशाचं डोकं बांधून रात्री सोडली तर चिंबोऱ्याही मिळतात. कोळी लोकांचा फग याच तत्त्वावर चालतो.

बाकीचं किरकोळ सामान भराभर सांगून टाकतो, कृती आत आहेत. सायकलच्या स्पोकचं टोक चपटं करून त्यात खाच पाडली की माशाच्या घशात गेलेला गळ काढायचं हत्यार होतं. सायकलच्याच ट्यूबचा दोन इंची तुकडा तर्जनीवर चढवला की तंगुसाने बोट कापत नाही. रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा ही बैठक, पेटी आणि मासे ठेवायचं भांडं. दोरी बांधली की पाणी काढायची बादली. कठड्याला बांधलेला दीड इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा म्हणजे रॉडची खुंटी. तरंगतं बूच हवाई चपलेच्या जुन्या रबराचं किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं करा. थर्माकोलचं नको: त्याचे मणी सुटून पाण्यात जातात आणि मासे ते गिळतात. टोळ आणि वाम यांचे दात तंगूस कापतात, त्यांच्यासाठी ब्रेकच्या केबलमधली एक तार वीतभर पुरते. वेफर्सच्या पाकिटाच्या चंदेरी आतल्या बाजूच्या पट्ट्या लहान गळांना बांधून एका ओळीत पाच-सहा लटकवल्या, तर बांगड्याचा थवा जेटीशी आलेला असताना आमिषाची गरज पडत नाही. आणि चिव्याची भरीव काठी, सावलीत वाळवून, चुलीवरच्या धुरात काही महिने ठेवलेली, ही खांबालगत गळ सोडायला कुठल्याही महागड्या रॉडइतकीच कामाची आहे. कार्बनच्या रॉडवर वीज पडण्याची भीती असते. गडगडाट सुरू झाला की तो खाली ठेवून निघावं.

आमिषावर आत एक मोठं प्रकरण आहे, कारण चुका सगळ्यात जास्त तिथे होतात. लोक कोळंबी सोलून लावतात. सोलू नका, माशाला डोक्याचाच वास हवा असतो. मऊ आमिष शिवणाच्या दोऱ्याने दोन-चार फेरे घालून गळाला बांधा, नाहीतर फेकतानाच ते हवेत सुटतं. बांगड्याच्या कातडीसकट बोटभर पट्ट्या काढून खडेमिठात रात्रभर ठेवल्या की त्यांचं पाणी सुटतं, त्या चामड्यासारख्या चिवट होतात, बरणीत बरेच दिवस टिकतात आणि लहान माशांना सहज कुरतडता येत नाहीत. बोय हा भलताच चोखंदळ मासा, त्याला कणकेची गोळी. कणकेत थोडा कापूस मळला की ती पाण्यात लवकर विरघळत नाही. सगळ्यात चांगलं आमिष मात्र बहुधा त्याच खांबावर असतं. ओहोटीला जी कालवं, जे लहान खेकडे उघडे पडतात, तेच तिथले मासे रोज खातात. कांद्याच्या जाळीदार पिशवीत माशांची डोकी आणि ठेचलेले खेकडे भरून ती खांबालगत सोडली, तर गळ टाकायच्या आधीच गिऱ्हाईक जमतं. रात्री जेटीच्या दिव्याखाली जवळा आणि बारीक मासे गोळा होतात. गळ तेव्हा उजेडात न टाकता उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर टाका. मोठा मासा अंधारात उभा राहून उजेडाकडे बघत असतो. माकुलंही तिथेच येतात.

धोक्यांबद्दल गुळमुळीत लिहून उपयोग नाही. शिंगाळ्याला तीन काटे असतात, पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन, आणि ते विषारी आहेत. त्याला हाताने धरू नका, फडक्याने दाबा आणि पक्कडीने गळ काढा. काटा लागलाच तर जखम सोसेल तितक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास बुडवून ठेवा. त्याचं विष उष्णतेने निष्प्रभ होत जातं आणि ठणका उतरतो. मग डॉक्टरकडे जा, काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. पाखटाच्या शेपटीवरच्या काट्यालाही हेच लागू. केंड गळाला लागला आणि फुग्यासारखा फुगला की पोरांना हसू येतं. तो खाऊ नका आणि कोणाला देऊ नका, त्याचं विष शिजवूनही जात नाही. बोटात गळ रुतला आणि त्याची उलटी खाच आत गेली तर ओढून काढू नका, तंगूस कापा आणि दवाखाना गाठा. पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांत यांत्रिक होड्यांना बंदी असते. धक्क्यावर गळ घेऊन बसणारा त्या बंदीत येत नाही, पण समुद्र त्याला सवलत देत नाही. शेवाळलेल्या पायऱ्यांवर उतरून उधाणात गळ टाकणं हा वेडेपणा आहे, आणि दर पावसाळ्यात कोणी ना कोणी तो करतं.

थोडं नियमांचं. जेटी आपल्यासाठी बांधलेली नसते. ती लाँचसाठी, मच्छीमार होड्यांसाठी, मालासाठी असते. आपण तिथे पाहुणे आहोत. लाँच लागायच्या वेळी गळ वर घ्या, होडीवाल्याच्या पंख्यात तंगूस गेला तर त्याचा दिवस वाया जातो. जिथे गळाला मनाई आहे तिथे वाद घालू नका, किनाऱ्यावर दुसरे धक्के भरपूर आहेत. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली आहे. धक्क्याजवळचं पाणी पिल्लांनी भरलेलं असतं, म्हणून डब्याच्या अंगावरच रंगाने सेंटिमीटरच्या रेघा मारून ठेवा. आखूड मासा ओल्या हाताने धरून परत सोडा. कोरड्या हाताने धरला तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही पुढे जगत नाही. तुटलेला तंगूस कधीही खाली टाकू नका. बगळ्यांच्या आणि घारींच्या पायात गुरफटलेला तंगूस कोकणातल्या कुठल्याही बंदरात बघायला मिळतो. तुकडे करून खिशात घाला.

या पुस्तकातली मापं मी मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या धक्क्यांवर वापरून आणि तिथल्या लोकांना विचारून ठरवली आहेत. गुजरातच्या किंवा केरळच्या किनाऱ्यावर ती तशीच चालतील असा माझा दावा नाही. माशांची नावं दर वीस मैलांवर बदलतात. रायगडातला जिताडा गोव्यात चोणक होतो. म्हणून प्रत्येक माशाचं चित्र दिलं आहे. नावावरून भांडण्याआधी चित्र बघावं.

वाचकांना एकच विनंती. पुस्तक हातात घेऊन सरळ सामान करायला बसू नका. आधी उधाणाच्या एका दिवशी, पूर्ण ओहोटीला, रिकाम्या हाताने आपल्या धक्क्यावर जा. पाणी किती खाली गेलंय ते दोरीने मोजा, उघडे पडलेले खांब, दगड आणि बुजलेले साखळदंड कुठे आहेत ते बघा, कुठल्या खांबावर कालवं जास्त आहेत ते टिपून ठेवा. शेवटची आठ पानं त्यासाठीच कोरी सोडली आहेत. ती भरली की मग पहिलं प्रकरण उघडा.